दूरची भिंत

चाळिशी ओलांडलेल्या बाईने काय काय करू नये, याची एक यादी आपल्याकडे सर्वांना तोंडपाठ असते. ती कोणी लिहून ठेवलेली नाही. पण वेळ आली की घरचे, दारचे, शेजारपाजारचे सगळे तिच्यातले एकेक कलम वाचून दाखवतात. त्या यादीत पोहण्याचा क्रमांक बराच वर लागत असावा. 'या वयात कशाला?' हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला आहे, की आता तो चार दिवस कानावर आला नाही तर चुकल्याचुकल्यासारखे वाटते. परंतु ही हकीकत पोहायला लागल्याची नव्हे. आपल्याला पोहता येते अशा समजुतीत सुखाने दिवस चालले असताना, पंचेचाळिसाव्या वर्षी, ते निम्मेच येते असे कळून आले, त्याची ही हकीकत आहे.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका लहानशा गावात वाढले. आमच्या मळ्यात दगडी बांधणीची विहीर आहे. काठापासून काठापर्यंत तीस फूट, आणि एका अंगाने पायऱ्या. उन्हाळ्याच्या सुटीत निम्म्या गावाची पोरे दुपारभर तिच्यात डुंबत. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दादाच्या आणि माझ्या पाठीला वाळका भोपळा बांधून आम्हां दोघांना एकाच आठवड्यात पाण्यात सोडले. आप्पांची शिकवण्याची पद्धत फार सोपी होती. ते आम्हांला उचलून पाण्यात टाकीत आणि स्वतः पायरीवर बसून तंबाखू मळीत. चार दिवस नाकातोंडात पाणी गेले. पाचव्या दिवशी हातपाय आपोआप चालू लागले. पुढच्या उन्हाळ्यात भोपळा सुटला. मी मुटका मारू लागले, बुडी घेऊन तळाची माती मुठीत आणून दाखवू लागले.

मी बारा वर्षांची झाले त्या उन्हाळ्यात हे थांबले. कोणी रागावले नाही, मारले नाही, बोलले नाही. आजी एवढेच म्हणाली, "आता पुरे गं. मोठी झालीस." त्यानंतर दादा विहिरीत उड्या मारी आणि मी काठावर त्याचे कपडे सांभाळीत बसे. आईला तर पोहणे कधी ठाऊकच नव्हते. त्या विहिरीचे पाणी तिने जन्मभर घागरीतच पाहिले.

पुढची सत्तावीस वर्षे माझ्या पोहण्याच्या इतिहासातली पाने कोरी आहेत. एम. ए., नोकरी, लग्न, मुलगा, पेपर तपासणे, अशा मजकुराने ती भरता येतील, पण त्यांत पाणी नाही. एकोणचाळिसाव्या वर्षी पाठ धरली, डॉक्टरांनी पोहायला सांगितले, आणि मी नोकरीला होते त्या तालुक्याच्या गावी, पंचवीस मीटरच्या तलावावर, बायकांच्या वेळेत माझे नाव दाखल झाले. विहिरीतले हातपाय मारणे तिथे उपयोगी पडले नाही. शिकवणाऱ्या ताईंनी मला पहिल्यापासून फ्रीस्टाइल शिकवली. २०२० साली टाळेबंदीत तलाव बंद पडले तो काळ सोडला, तर मी नेमाने जात राहिले. पुढे पुढे चाळीस लांब्या, म्हणजे पुरा एक किलोमीटर, मी रोज काटू लागले. पाठ सुधारली. तेवढ्यावर थांबले असते तर बरे. पण मान जरा ताठ झाली. स्टाफरूममध्ये कोणी चालण्याची गोष्ट काढली, की मी सहज म्हटल्यासारखे म्हणे, "मी रोज एक किलोमीटर पोहते."

गेल्या वर्षी जूनमध्ये आमच्या शिक्षणसंस्थेने माझी पुण्याच्या महाविद्यालयात बदली केली. घर लागले, सामान लागले, आणि ऑगस्टमध्ये मी नवा तलाव शोधून काढला. तो पन्नास मीटरचा होता.

पन्नास हा आकडा पंचवीसच्या दुप्पट असतो, हे मला ठाऊक होते. परंतु काठावर उभे राहून पाहताना तो दुप्पट दिसत नाही, चौपट दिसतो. समोरची भिंत दिसत होती, नाही असे नाही. पण ती आपली वाटेना. पलीकडच्या टोकाला पाणी खोल होते आणि त्याचा रंग निळा नव्हे, काळसर होता. आमच्या जुन्या तलावात तळाची फरशी पहिल्यापासून शेवटपर्यंत मोजता येई. इथे तळावरची काळी पट्टी उताराने खाली खाली जाऊन अंधुक होत होती.

मी नेहमीच्या झोकात भिंतीला रेटा देऊन निघाले. वीस हात झाले. तुम्हांला सांगते, मनुष्याचे शरीर फार हिशेबी असते. विसाव्या हातानंतर माझा उजवा हात, मी न सांगता, भिंत धरायला पुढे झाला. भिंत नव्हती. त्या एका क्षणात पाय खाली गेले, मान वर आली, आणि उरलेले पाणी नजरेस पडले. आणखी पाचसात हात मी कसेबसे मारले. मग छाती भरून आली, श्वास घ्यायला तोंड उघडले तर पाणी आत गेले, आणि खाली पाहिले तो तळ नाहीच. मी बाजूचा दोर दोन्ही हातांनी असा पकडला, की जत्रेत हरवलेले पोर आईचा पदर पकडते तसा. जीवरक्षकाची शिट्टी वाजली. लांब बांबू माझ्यापुढे आला. तलावातले दहाबारा जण थांबून बघू लागले.

तेवढ्यात शेजारच्या पट्ट्यातून एक टोपी जवळ आली आणि म्हणाली, "मॅडम, दोर सोडू नका. नुसते पाय हलवत राहा. मी आहे."

ती माझ्या द्वितीय वर्षाच्या वर्गातली मुलगी होती. शेवटच्या बाकावर बसणारी. सकाळच्या पहिल्या तासाला ती हटकून गैरहजर असे, आणि दोनच दिवसांपूर्वी मी तिला सर्वांसमक्ष म्हटले होते, "झोप पुरी होत नाही का गं तुझी?" झोप पुरी होत नव्हती, ते खरेच होते. ती पहाटे पाचपासून या तलावात सराव करीत होती.

त्या दिवशी घरी आले ती पुन्हा न जाण्याचे ठरवूनच. ह्यांनी चहा पुढे केला आणि समजुतीने म्हटले, "लहान तलाव असेलच कुठेतरी. तिथे जा. हट्ट कशाला?" बोलणे प्रेमाचे होते. पण 'आता पुरे गं' हे आजीचे शब्दही प्रेमाचेच होते. आणि ते ऐकून मी सत्तावीस वर्षे काठावर बसले होते. मी काही बोलले नाही. वही घेतली आणि हिशेब मांडला.

हिशेब असा. भिंतीला पायाने रेटा दिला की माणूस काही न करता चारपाच मीटर पुढे सरकतो. पाच धरू. पंचवीस मीटरच्या तलावात एक किलोमीटर म्हणजे चाळीस लांब्या. चाळीस वेळा पाच मीटर, म्हणजे दोनशे मीटर मला भिंतीने नेले होते. शिवाय दर वळणाला हात टेकून मी एक भरपूर श्वास घेत होते. असे एकोणचाळीस विसावे! मोठ्या तलावात लांब्या वीस, वळणे एकोणीस, आणि भिंतीची देणगी शंभर मीटर. म्हणजे मी ज्याला एक किलोमीटर म्हणत होते ते आठशे मीटर पोहणे होते, आणि तेही वीस वीस मीटरांच्या तुकड्यांनी. सलग वीस मीटरांपलीकडे मी जन्मात पोहलेच नव्हते. स्टाफरूममधले माझे वाक्य आठवून मला एकटीलाच हसू आले.

आमची जात पुस्तकी. ठेच लागली की आधी वाचायला बसायचे. वाचले तेव्हा थोडा धीर आला, कारण हा फरक जगातल्या उत्तमोत्तम पोहणाऱ्यांनाही चुकलेला नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये चीनच्या पान झानलेने शंभर मीटर फ्रीस्टाइल ४६.४० सेकंदांत पोहून विश्वविक्रम केला. तो तलाव पन्नास मीटरचा, म्हणजे मध्ये वळण एकच. त्याआधी २०२१ साली ऑस्ट्रेलियाच्या काइल चाल्मर्सने तेवढेच अंतर पंचवीस मीटरच्या तलावात ४४.८४ सेकंदांत काटले होते. तिथे वळणे तीन. दीड सेकंदाहून अधिक असलेल्या या अंतरात त्या दोन जादा वळणांचा मोठा वाटा आहे. म्हणूनच लहान तलावाचे आणि मोठ्या तलावाचे विक्रम वेगवेगळे नोंदवतात. ज्या भेदासाठी जगाने दोन वह्या ठेवल्या आहेत, तो मला एका दुपारी पेलला नाही, यात लाज वाटण्यासारखे काही नव्हते.

आणखी एक गंमत कळली. आधुनिक ऑलिंपिकच्या पहिल्या शर्यतींत भिंतच नव्हती. १८९६ साली अथेन्सला पोहणारे समुद्रात पोहले, १९०० साली पॅरिसला सीन नदीत. १९०८ साली लंडनला तलाव बांधला तो शंभर मीटर लांबीचा. पन्नास मीटरचा, पट्टे आखलेला तलाव आला तो १९२४ साली, पुन्हा पॅरिसलाच. तेव्हा ज्या अंतराला मी राक्षसी समजत होते, ते मुळात पाणी आखडून आखडून माणसाच्या बेताचे केलेले होते.

आणि वाचता वाचता आमच्याच सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर भेटले. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून या सैनिकाच्या कमरेखालची शक्ती गेली. त्यानंतर ते पोहायला लागले, आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पन्नास मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून त्यांनी सुवर्णपदक मिळवले. पन्नास मीटर! माझे दोन्ही पाय धड होते, आणि मी भिंत नाही म्हणून रडत होते. वही मिटली. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा तलावावर गेले.

ती मुलगी काठावर टोपी पिळत बसली होती. आदल्या दिवसाचा विषय काढावा की नाही, या विचारात दोघीही होतो. शेवटी मीच म्हटले, "अगं, माझे काय चुकते ते सांग बघू. इथे तू बाई, मी विद्यार्थिनी."

ती आधी लाजली. मग वर्गात कधी ऐकू न आलेल्या ठाम आवाजात म्हणाली, "मॅडम, तुम्ही पाण्यात श्वास सोडतच नाही. धरून ठेवता."

हे अगदी खरे होते. लहान तलावात ते खपून जाई. चार वेळा घोट घोट हवा घ्यायची, बाकीची छातीत कोंडून ठेवायची, की भिंत आलीच. तिथे सगळे हुश्श करून सोडायचे. दम कोंडल्यासारखे वाटते ते मुख्यतः प्राणवायू संपला म्हणून नव्हे, तर कार्बन डायऑक्साइड आत साठत जातो म्हणून. मी नवा श्वास घ्यायला धडपडत होते आणि जुना सोडायला तयार नव्हते. भरलेल्या घागरीत पाणी ओतावे, त्यातला प्रकार.

"तोंड पाण्यात असेल तेवढा वेळ नाकातोंडाने हळूहळू सोडत राहायचे," ती म्हणाली. "गुणगुणलात तरी चालेल. आणि मॅडम, पुढे बघू नका. खालची पट्टी बघा. पुढे बघितले की मान वर येते, आणि मान वर आली की पाय बुडतात. भिंत कुठे जात नाही. पट्टीच्या टोकाला आडवी रेघ येते, ती दिसली की भिंत दोन मीटरवर आली."

मी वर्गात छंद आणि वृत्ते शिकवते. त्या दिवशी पाण्यात गुणगुणत असताना माझ्या लक्षात आले, की ही मुलगी मला सांगते आहे ते यतिस्थान होय. ओवीचे चरण लहान असतात. चरण संपला की आपोआप थांबता येते. पण स्रग्धरेसारखे एकवीस अक्षरांचे वृत्त एका दमात म्हणू जाल, तर पंधराव्या अक्षराला घसा कोरडा पडेल. म्हणून त्यात सात सात अक्षरांवर विराम ठेवला आहे. तो विराम ओळीच्या बाहेर नाही, ओळीच्या पोटात आहे. म्हणणारा थांबत नाही, आणि तरी विसावतो. माझे सगळे विसावे भिंतीवर होते, ओळीच्या बाहेर. पाण्याच्या पोटात विसावा असतो, हे मला ठाऊकच नव्हते.

मी लांबीचे तीन तुकडे पाडले. पहिला तुकडा मुद्दाम सावकाश. लहान तलावाची सवय अशी, की माणूस पहिल्याच हाताला जोर लावतो, कारण त्याला वीस हातांचाच खर्च करायचा असतो. दुसऱ्या तुकड्यात लक्ष फक्त श्वास सोडण्यावर. तिसऱ्या तुकड्यात हात पाण्यात पुढे लांबवण्यावर, कारण थकलेला हात आखूड पडू लागतो. हातांची मोजणीही सुरू केली. हिशेबाने मला एका लांबीला पंचेचाळीस हात पुरायला हवे होते. पहिल्या आठवड्यात अठ्ठावन्न लागत. म्हणजे तेरा हात मी पाणी नुसते ढवळत होते.

अंतराची हाव धरली नाही. पहिले चार आठवडे काठालगतच्या पट्ट्यात राहिले. एक लांबी, मग भिंतीला अर्धा मिनिट विश्रांती, अशा आठ लांब्या. अंतर कमी झाले म्हणून मन खट्टू होई. पूर्वी मी चाळीस लांब्या काटत असे, आणि आता आठ! पण या आठ माझ्या होत्या. ऑक्टोबरात दोन लांब्या जोडल्या. डिसेंबरच्या थंडीत तीन दिवस जाऊन चार दिवस बुडवले, तेही कबूल करते. जानेवारीत कधीतरी हात अठ्ठेचाळिसांवर आले, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे विसाव्या हातानंतर भिंत शोधायची खोड मोडली. ती कोणत्या दिवशी मोडली ते कळलेही नाही.

मार्चमध्ये एका सकाळी मी आठ लांब्या सलग पोहले. चारशे मीटर. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. वेळ लागला चौदा मिनिटे, आणि तेवढ्या वेळात ती मुलगी माझ्या बाजूने कितीदा गेली आणि आली, ते मोजणे मी सोडून दिले. तीस मीटरांवर, जिथे मी दोर पकडला होता, तिथे तळ पूर्वीइतकाच खोल आणि काळसर होता. फरक एवढाच, की आता मी त्याच्याकडे बघत गेले. वर आल्यावर तिने विचारले, "मॅडम, कसे वाटले?" मी म्हटले, "तुझी पहिल्या तासाची सुटलेली टिपणे मी तुला देते. आणि झोपेविषयी बोलले ते विसर." ती हसली. नंतरच्या परीक्षेत छंदावरचे तिचे उत्तर वर्गात सर्वांत चांगले होते, असे लिहिण्याचा मोह होतो. पण ते बेताचेच होते. असो.

मे महिन्यात गावी गेले. आप्पा आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. तंबाखू सुटली आहे, पायरीवरची जागा सुटलेली नाही. दादाची मुलगी बारा वर्षांची झाली. ती काठावर बसून धाकट्या भावाचे कपडे सांभाळत होती. तिला कोणी पुरे म्हटले होते असे नाही. ती आपण होऊनच बसली होती. तीच गोष्ट मला अधिक लागली.

मी तलावाचा पोशाख चढवून, वर ओढणी गुंडाळून पायऱ्या उतरले. आप्पांनी एकदा पाहिले आणि पाण्याकडे तोंड फिरवले. पण उठून गेले नाहीत. मी पाण्यात शिरले. तेहेतीस वर्षांनी ते पाणी अंगाला लागले. सातआठ हातांत पलीकडची कपार आली, तेव्हा केवढी लहान वाटली ही विहीर!

"आत्या," काठावरून प्रश्न आला, "तुमच्या पुण्याचा तलाव केवढा मोठा आहे?"

"अशा साडेपाच विहिरी एकापुढे एक ठेव," मी म्हटले, "आणि मधल्या सगळ्या भिंती काढून टाक. ये आत, सांगते कसे जायचे ते."

तिने आप्पांकडे पाहिले. आप्पा म्हणाले, "भोपळा माळ्यावर असेल." भोपळा काही सापडला नाही, शेवटी तेलाचा रिकामा डबा बांधला. तो बांधून होईपर्यंत आई कधी पायऱ्यांवर येऊन बसली, ते आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात आले नाही. ती बराच वेळ नुसती बघत होती. मग तिने पातळ पोटरीपर्यंत वर घेतले, दोन्ही पाय पाण्यात सोडले, आणि विचारले, "गार आहे का गं आत?"

"आहे," मी म्हटले. "पण सोसते."